डबल बेल

२ जानेवारी

प्रिय मामा,

फोनवर बोललेलं तुला ऐकू येत नाही, आणि आलं तर भलतंच येतं. परवा मी ‘खोली मिळाली’ म्हटलं तर तू ‘कोण पळाली?’ म्हणून मामीला उठवलंस. तेव्हा आता पत्रंच बरी.

नवी खोली ठीक आहे. तिसरा मजला, एक खिडकी, खिडकीतून समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं. कारखान्यात आता मला चष्म्याच्या काचांच्या कडा घासायला बसवलंय. काच यंत्रावर धरायची, कड गोल करायची, उजेडात बघायची, चरा दिसला की पुन्हा घासायची. बोटांची टोकं अशी गुळगुळीत झालीत की पुस्तकाचं पान उलटत नाही.

नोकरी अजून कच्ची. फेब्रुवारीअखेर सहा महिने भरतील, मग पक्की करायची की नाही ते सुपरवायझर बाई ठरवणार. सहा महिन्यांत तीन लेटमार्क झाले तर नारळ. माझे दोन झालेत. दोन्ही बसमुळे.

बस एकशे सतरा, सात वीसची. साडेआठला कारखान्याचं हजेरीचं यंत्र बंद. म्हणजे एक तास दहा मिनिटं आणि रस्ता पन्नास मिनिटांचा, असं कागदावर. कागदावर गर्दी नसते ना! आमचा ड्रायव्हर घुम्या आहे. नाव माहीत नाही, आम्ही सगळे घुम्याच म्हणतो. इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून एक शब्द ऐकलेला नाही. पण कुणी पळत येताना दिसलं की थांबतो. आधी मला तो त्यासाठीच आवडायचा. आता तो थांबला की मी घड्याळ बघते.

पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर एक शिवणकाकू चढतात. पडदे शिवण्याच्या कारखान्यात असतात. त्या उतरणाऱ्याचा चेहरा ओळखतात आणि मला कोपराने ढोसून सांगतात, ‘तो करड्या शर्टवाला पुढच्याला उठणार, सरक तिकडे.’ त्यांच्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी बसायला मिळतं.

मामीला सांग, जेवण वेळेवर होतं.

तुझी भिंगरी

*

९ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

भिंगरी शेवटी भिंगं घासायला लागली, असं मी मामीला म्हणालो. ती हसली नाही. ती म्हणाली, दोन लेटमार्क कसे झाले ते आधी विचार.

तर ऐक. वीस मिनिटं आधी नीघ. सात वीसच्या आधी सातची असणारच. ती रिकामी असते, कारण माणसाला वीस मिनिटांची झोप बसायच्या जागेपेक्षा प्यारी.

दुसरं, मागच्या दाराच्या पायरीवर उभी राहू नकोस. तिसरं, तुमचा घुम्या थांबतो म्हणून त्याच्यावर दात खाऊ नकोस. स्टिअरिंगवर बसलं की मागचं काही दिसत नाही. आरशात दिसतात ती बाहेर लटकलेली डोकी आणि कोपरं. मागच्या दारात कोण चढलं, कोण राहिलं, हे ड्रायव्हरला कंडक्टरची बेल सांगते. एक बेल, थांब. डबल बेल, चल. तुला हे लहानपणापासून पाठ आहे. माझ्या बसमध्ये इंजिनाच्या झाकणावर बसून तूच तोंडाने टण टण करायचीस.

मी सव्वीस वर्षं गाडी चालवली. कान गेले, पण अंगावर एक डाग नाही. कारण मी बेलवर विश्वास ठेवला आणि बेल देणाऱ्याने माझ्यावर.

मामी विचारते, अंघोळीला गरम पाणी मिळतं का?

मामा

*

२३ जानेवारी

प्रिय मामा,

आमच्या बसला परवा अपघात झाला. मला काही झालेलं नाही, हे मामीला आधी सांग, मग पुढचं वाच.

मंगळवारी सात वीसची बस सात अडतीसला आली. आधीच खच्चून भरलेली. कंडक्टर पुढे अडकलेला, तिकिटं फाडत. पाण्याच्या टाकीला माणसं चढली, चढली, संपेचनात. मी मधोमध उभी होते, मला काही दिसत नव्हतं. मग कुणीतरी डबल बेल दिली आणि गाडी सुटली. तेवढ्यात मागून किंकाळी आली. शिवणकाकू चढत होत्या. एक पाय पायरीवर, एक खाली. दांडा हातात होता तो त्यांनी सोडला नाही, आणि गाडीबरोबर दहा-बारा पावलं फरफटत गेल्या. लोक ओरडले तेव्हा घुम्याने ब्रेक मारला. सगळे एकमेकांवर पडले.

खुब्याचं हाड मोडलंय म्हणतात.

आमच्याकडे असं चालतंच, मामा. कंडक्टर पुढे असला की मागचा कुणीतरी दोरी ओढतो. कंडक्टरच ओरडतो, ‘मारा हो कुणीतरी बेल!’ दोरी जुनी आहे, ताठ झालीय. दोनदा ओढायची तर लोंबकळावंच लागतं, तळव्यावर वळ उठतो. त्या दिवशी मात्र तो ओरडला नव्हता. कंडक्टर म्हणतो, मी बेल दिलीच नाही. घुम्या म्हणतो, मी ऐकली. त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ‘बेल झाली. दोन झाल्या,’ एवढंच तो पोलिसांना सांगत होता, पुन्हा पुन्हा.

मी कारखान्यात सव्वानऊला पोचले. पण सुपरवायझर बाईंना अपघाताचं कळलं होतं. त्या म्हणाल्या, ‘आजचा लेटमार्क धरत नाही. पाणी पी आणि बस.’ त्या दिवशी माझ्या हातून चार काचा फुटल्या.

भिंगरी

*

२८ जानेवारी

चि. भिंगरी,

पत्र तीनदा वाचलं. मामी पहिल्या ओळीनंतर ऐकायला तयार नव्हती, तिला पूर्ण वाचून दाखवलं.

त्या ड्रायव्हरचं काय झालं ते लिही. मी सांगतो काय होणार. चौकशी होणार. कंडक्टर म्हणणार बेल दिली नाही, आणि ते खरं असेल. मग ड्रायव्हर बेल नसताना गाडी हलवणारा ठरणार. प्रवाशांना विचारतील तर सगळे म्हणतील आम्ही खिडकीबाहेर बघत होतो. पन्नास-साठ माणसं एकदम खिडकीबाहेर बघतात अशा वेळी.

ज्याने दोरी ओढली तो कुठे आहे? मागच्या दाराशी उभा असलेलाच कुणीतरी ना? तुला त्यांतले चेहरे ओळखीचे असतील. दोरीला हात घालण्याआधी मान वळवून पायरीकडे बघायला किती वेळ लागतो? एका बाईचं हाड मोडलं, एका माणसाची भाकरी जाणार, आणि हा मनुष्य रोज त्याच बसने कामावर जात असेल. अशा माणसाला लाज कशी वाटत नाही, हे मला कळत नाही. माझ्या गाडीत असता तर कॉलर धरून खाली उतरवला असता.

तू सांभाळून जा. सातची बस धर.

मामा

*

६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

उशीर झाला लिहायला. कामाची गर्दी होती.

मी आता एकशे सतराने जात नाही. मागच्या रस्त्यावरून दुसरी बस पकडते, मध्ये बदलते. अर्धा तास जास्त लागतो, त्यामुळे पावणेसहाला उठते.

घुम्याला सस्पेंड केलंय. तुझं म्हणणं बरोबर निघालं. एकशे सतराच्या थांब्यावरून जाताना पाहिलं, खांबावर एक कागद चिकटवलाय, पेनने लिहिलेला. ‘२१ जानेवारीला सकाळी या बसमध्ये जे होते त्यांनी कृपा करून डेपोत येऊन एवढंच सांगावं की बेल वाजली होती. चौकशी १९ फेब्रुवारी, सकाळी अकरा.’ खाली त्याच्या बायकोने सही केलीय. कुणी जाणार नाही. थांब्यावर बोलणं ऐकलं, ‘कशाला नसती झंझट? एकदा गेलं की दहा खेपा.’ आणि ‘बेल वाजली म्हटलं की विचारणार, कुणी वाजवली.’

रविवारी दवाखान्यात जाऊन आले. काकूंचा पाय बांधून टांगलाय. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला बसवेना. म्हणाल्या, ‘एवढ्या बसमधून तू एकटीच आलीस बघ.’ मग ड्रायव्हरबद्दल बोलत राहिल्या. ‘मी हात केला होता गं. त्या मेल्याला दिसला नाही? मुद्दाम सोडली त्याने गाडी.’ मी त्यांना पाणी पाजलं, उशी नीट केली आणि निघाले.

गरम पाणी मिळतं.

भिंगरी

*

१० फेब्रुवारी

भिंगरी,

आडून विचारणं मला जमत नाही.

तू लिहिलंस, मी मधोमध उभी होते. त्याच पत्रात लिहिलंस, दोरी ताठ आहे, तळव्यावर वळ उठतो. मधे उभ्या असणाऱ्या माणसाला तो वळ कसा माहीत? मग तू बस सोडलीस. मग अर्धा तास लांबचा रस्ता. मग दवाखान्यातून पळ काढलास. सहा वर्षांची असल्यापासून तू या घरात वाढलीस. काही फोडलंस की त्या खोलीतच जायची नाहीस.

दोरी तू ओढलीस का?

मामीला हे पत्र दाखवलेलं नाही.

मामा

*

१३ फेब्रुवारी

मामा,

हो.

तुझं ‘अशा माणसाला लाज कशी वाटत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला. वाटते रे. पण आता सगळंच सांगते, म्हणजे तुला जे म्हणायचं ते पुरतं माहीत होऊन म्हण.

मी मागच्या दाराशी, आतल्या बाजूला होते. दोरी डोक्यावर. सात बेचाळीस झाले होते. मी मनात मिनिटं मोजत होते: पुलावर आठ, चौकात पाच, बाकीचा रस्ता तीस, उतरून पळायला चार. जेमतेम होत होतं. माणसं चढत होती. मग एक क्षण पायरी रिकामी झाली आणि मी वर हात घातला.

आणि मामा, मी मान वळवली होती. तू म्हणतोस ना, बघायला किती वेळ लागतो? मी बघितलं. काकू रस्ता ओलांडून येत होत्या, एका हातात पिशवी, दुसरा हात वर. माझ्याचकडे बघून हात केला त्यांनी. त्यांना वाटलं मी ओळखलं, मी थांबवेन. मला वाटलं, एवढ्या लांब आहेत, नाही पोचणार, मागची बस घेतील. असं वाटलं की मी वाटून घेतलं, ते आता मला सांगता येत नाही. मी दोरी ओढली. दोनदा. त्या पोचल्या.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी पाहिलं. गाडी थांबल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग खाली उतरून निघून गेले. रोज सकाळी मला वाटतं, आज ते कुठल्यातरी थांब्यावर उभे असतील.

चौकशी एकोणीसला. माझे सहा महिने अठ्ठावीसला भरतात. मी गेले तर रजा मागावी लागेल, कशासाठी ते सांगावं लागेल. पोलिसांत जावं लागेल का? तुला कायदा माहीत आहे. मी काय करू, ते सांग. तू सांगशील ते करीन.

भिंगरी

*

१५ फेब्रुवारी

भिंगरी,

कुठेही जायचं नाही. गप्प राहा.

तू एकटी आहेस त्या शहरात. पोलीस एकदा मागे लागले की वकील, तारखा, नोकरी जाणार, नाव जाणार. ड्रायव्हरच्या मागे त्याची युनियन असते, दोन-चार महिन्यांत परत घेतात, मी पाहिलंय. काकूंचं हाड तुझ्या बोलण्याने जुळणार नाही. त्या म्हाताऱ्याने आजवर तोंड उघडलं नाही, आता काय उघडणार?

हे पत्र आणि आधीचं फाडून टाक. पुढच्या पत्रात या विषयाचं अक्षर नको.

मामा

*

१६ फेब्रुवारी

भिंगरी,

कालचं पत्र मी टाकून आलो आणि रात्र काढली. आज सकाळी टपालकचेरीत जाऊन ते परत मागितलं. थैली गेली होती. हे त्याच्या मागोमाग धाडतोय, चौकशीआधी पोचावं. फोन करणार होतो, पण या गोष्टी ओरडून बोलायच्या नाहीत आणि हळू बोललेलं मला ऐकू येत नाही.

मी लिहिलं होतं, अंगावर एक डाग नाही. खोटं आहे ते.

नोकरीच्या चोविसाव्या वर्षी मी चौकात लाल दिवा ओलांडला. एका सायकलवाल्याला बाजूने धक्का बसला. खांदा निखळला त्याचा, पत्रे ठोकायचं काम करायचा तो. चौकशीत एक बाई आपणहून आल्या, माझ्याच बसमधल्या. म्हणाल्या, ‘दिवा हिरवा होता, मी स्वतः पाहिला.’ त्यांनी काही पाहिलं नव्हतं. रोज त्यांच्यासाठी मी जरा थांबायचो, त्याची परतफेड असावी. मी समोर खुर्चीत बसलो होतो. मी म्हणायला हवं होतं, बाई, नव्हता. नाही म्हणालो. सायकलवाल्याची चूक ठरली.

त्यानंतर दोन वर्षं चालवली मी गाडी. दर चौकात दिवा हिरवा असूनही पाय ब्रेकवर जायचा. मागचे शिव्या द्यायचे. शेवटी कानाचं कारण काढून घरी बसलो. कान तेव्हा ठीक होते. गेले ते नंतर. मामीला आजवर वाटतं कानामुळे.

म्हणून मी तुला गप्प राहा म्हणालो. मला जे जमलं तेच तुला शिकवत होतो.

आता मी तुला जा म्हणणार नाही आणि नको म्हणणार नाही. मी सांगतो म्हणून तू काही करावंस, एवढी माझी पत उरलेली नाही. पण गेलीस तर अर्धं सांगू नकोस. बेल वाजली एवढंच सांगून सुटता येईल. तेवढ्यावर थांबू नकोस.

मामा

*

१९ फेब्रुवारी

मामा,

तुझं पंधरा तारखेचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. सोळाचं आज डेपोतून परत आल्यावर दाराखाली सापडलं. म्हणजे मी गेले ती ‘कुठेही जायचं नाही’ हे वाचून गेले. तू सांगशील ते करीन म्हणाले होते आणि केलं नाही.

का गेले ते धड सांगता येत नाही. सकाळी कारखान्याच्या दारापर्यंत गेले होते. हजेरीच्या यंत्राशी हात नेला, आठ बावीस झाले होते. आज वेळेत होते. मागे फिरले.

डेपोत एक लहान खोली आहे, लांब टेबल, एक साहेब, एक टाइप करणारा. घुम्या बाजूच्या बाकावर. त्याची बायको दाराबाहेर उभी, तिला आत घेतलं नव्हतं. मी आत गेले तर साहेब म्हणाले, ‘तुम्ही कोण?’

‘त्या दिवशी बसमध्ये होते.’

‘बरं. काय पाहिलंत?’

‘बेल मी दिली.’

टाइप करणाऱ्याचा हात थांबला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘ताई, नीट विचार करून बोला. एकदा लिहून घेतलं की पुसता येत नाही.’

मी म्हटलं, ‘लिहा.’ आणि सांगितलं. कंडक्टर पुढे होता तेही, काकूंनी हात केला तेही. साहेबांनी विचारलं, ‘म्हणजे त्या येताना तुम्हाला दिसल्या होत्या?’ मी ‘हो’ म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं. मला पुन्हा म्हणावं लागलं.

मी वळून घुम्याकडे बघितलं. मला वाटलं, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल. तो जमिनीकडे बघत होता. मग साहेबांना म्हणाला, ‘आरशात मी अजून एकदा बघायला हवं होतं. तेही लिहा.’

बाहेर त्याच्या बायकोने मला अडवलं. मी तयारी केली होती, ती आभार मानेल तर काय म्हणायचं त्याची. ती म्हणाली, ‘एकोणतीस दिवस कुठे होतात तुम्ही?’ ती बाजूला झाली आणि मला जाऊ दिलं.

तुझं सायकलवाल्याचं वाचलं. काय लिहू, कळत नाही. राग आला, आणि तुला भेटावंसंही वाटलं. एवढंच खरं आहे.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. त्या कालच घरी आल्यात. रविवारी जाईन.

भिंगरी

*

२६ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तू माझं ऐकलं नाहीस, हे बरं केलंस.

मामीला सगळं सांगितलं. तुझं आणि माझंही. तुझं ऐकून रडली. माझं ऐकून दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘तो पत्रे ठोकणारा राहतो कुठे?’ मला माहीत आहे. नदीपलीकडे, दोन बस बदलून. मी अजून गेलेलो नाही. गेलो असं तुला खोटं लिहिणार नाही.

नोकरीचं काय झालं? काकू काय म्हणाल्या?

मामा

*

२ एप्रिल

प्रिय मामा,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं तर एकदम लिहू, असं वाटत होतं.

आधी नोकरी. सुपरवायझर बाईंना मी स्वतः सांगितलं. त्यांनी हजेरीची वही उघडली. मग म्हणाल्या, ‘त्या दिवशीचा लेटमार्क मी अपघाताची दया म्हणून सोडला होता. आता तो लावावा लागेल.’ तो तिसरा. पण त्यांनी एका चष्म्याच्या दुकानाला चिठ्ठी दिली. मागे एक छोटी खोली आहे, एकच यंत्र, मी आणि काचा. चालत वीस मिनिटं. पोलिसांनी दोनदा बोलावून जबाब घेतला, तिसऱ्यांदा बोलावतील म्हणतात. घुम्याला ताकीद देऊन कामावर घेतलं. कंडक्टरला दुसऱ्या मार्गावर टाकलं.

आता काकू.

त्या रविवारी मी गेले. त्या खाटेवर बसून कुणाच्यातरी पडद्याला हाताने टीप घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांची सुई चालूच होती. मग थांबली.

‘मला बघितलं होतंस?’

‘हो.’

‘मी हात केला तो?’

‘हो.’

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. ‘जा,’ म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. मी जिना उतरताना मला वाटलं हाक मारतील. नाही मारली.

मार्च असाच गेला. गेल्या सोमवारी जुन्या कारखान्यामार्फत दुकानावर त्यांचा निरोप आला, बुधवारी सकाळी नऊला घरी ये. मला वाटलं, आता बोलून घेतील. बोलून घ्यावंच, असं मनातून वाटत होतं. गेले तर त्या काठी घेऊन तयार बसलेल्या. पायाच्या व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं.

‘रिक्षाने जाऊ,’ मी म्हटलं.

‘आयुष्यभर रिक्षाने फिरू?’ त्या म्हणाल्या. ‘बसनेच जायचं. त्याच थांब्यावरून.’

पाण्याच्या टाकीला आम्ही उभ्या राहिलो. पहिली बस आली. त्या पायरीपर्यंत गेल्या, दांड्याकडे बघितलं आणि मागे सरकल्या. चेहरा पांढरा पडला होता. बस गेली. दुसरी आली. त्या जागच्या हलल्याच नाहीत. रांगेतला एकजण चिडला, ‘आजी, चढायचं नसेल तर बाजूला व्हा ना, आम्हाला कामं आहेत!’ मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या घड्याळाकडेही.

तिसरी बस आली. मी त्यांच्या मागे उभी राहिले, एक हात कमरेभोवती, दुसरा त्यांच्या दंडाखाली. म्हटलं, ‘आधी बरा पाय.’ त्यांनी दांडा धरला. कंडक्टर मागच्या दारातच होता, दोरीला हात लावून, पण ओढली नव्हती. आतून कुणीतरी ओरडलं, ‘चला हो!’ कंडक्टरने मान हलवली. काकूंचा दुखरा पाय हवेत लटकलेला, वर येईना. त्यांचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं. मग पाय वर आला.

एका मुलीने उठून जागा दिली. काकू बसल्या, घाम पुसला. मी शेजारी उभी राहिले. दोन थांबे गेल्यावर त्या खिडकीकडे बघतच म्हणाल्या, ‘माफ केलं म्हणून बोलावलं, असं समजू नकोस.’

‘नाही समजत.’

‘मुलगा आहे, सून आहे. दोघं येतात सोबत. पण त्यांचं लक्ष फोनवर असतं, रस्त्यावर असतं.’ मग त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. ‘तुझ्याइतकं घट्ट मला आता कुणी धरणार नाही.’

पुढच्या बुधवारी पुन्हा जायचंय. डॉक्टर म्हणतात, अजून बारा खेपा.

भिंगरी